काचेवरचे सत्तर टक्के

माणसाने मान कधी हलवावी याला काही धरबंध असावा. पण सकाळची वेळ होती, दुकानाच्या काचेवर कोवळं ऊन आलं होतं, काचेपलीकडे शिडीवर उभा असलेला माणूस हातात ब्रश धरून तिला काहीतरी विचारत होता, आणि विचारताना तो हसत होता. काच जाड. त्याचा एक शब्दही आत आला नाही, हसू तेवढं आलं... आणि तिने मान हलवली.

त्यानेही मान डोलावली आणि तो पुन्हा कामाला लागला. ती आपली आरसे पुसायला वळली. पुढचा सगळा घोळ एवढ्याशातून झाला.

दुकान आरशांचं होतं, तिच्या मामांचं. जमिनीपासून छतापर्यंत आरसेच आरसे — गोल, चौकोनी, लाकडी चौकटीचे, पितळी चौकटीचे, दाढीपुरते, दाराएवढे. एक गिऱ्हाईक आत शिरलं की दहा शिरल्यासारखी वाटायची, आणि गिऱ्हाईक नसलं की आपलाच चेहरा दहा बाजूंनी बघून जीव विटायचा. मामांचे गुडघे आता त्यांना शिडीवर चढू देत नव्हते. मामा-मामी मुलाकडे राहायला जाणार होते आणि त्याआधी सगळा माल काढून टाकायचा होता. आठवडाभराचा सेल, आणि रविवारी संध्याकाळी शटर खाली, ते कायमचं.

सेलचा हिशेब तिने मांडला होता. ती याच घरात लहानाची मोठी झालेली, शाळा संपल्यापासून याच गल्ल्यावर बसलेली. टक्केवारी तोंडी करायची. साडेसतरा टक्के म्हटलं तरी ओठ जेमतेम हलायचे आणि आकडा बाहेर पडायचा. म्हणून रस्त्यावरचे सगळे दुकानदार तिला 'टक्केताई' म्हणत. समोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या बाई तर कधीच्या सांगून बसल्या होत्या, "तुमचं दुकान बंद झालं की सरळ माझ्याकडे ये. मला सूट देता येते, हिशेब येत नाही."

सगळ्या मालावर पन्नास टक्के सूट आणि उरलेल्या किमतीवर आणखी वीस टक्के, असं तिने ठरवलं. मामांनी ते फोनवर नेहमीच्या पेंटरकाकांना सांगितलं. पेंटरकाकांची पाठ धरली होती, त्यांनी पुतण्याला पाठवलं. आणि या पुतण्याने 'भव्य सूट' हे दोन शब्द इतके भव्य लिहिले की आकड्यांना काचेवर जागाच उरली नाही. मग त्याने पन्नास आणि वीस यांची बेरीज केली, काचेतून विचारून खात्री करून घेतली, आणि खाली ऐसपैस लिहून टाकलं — ७०%.

काचेवरची अक्षरं आतून उलटी दिसतात, त्यामुळे दुकानातल्या कुणी ती वाचायच्या भानगडीत पडलं नाही. दार उघडलं तशी गर्दी लोटली. मामा खूश झाले. पहिल्याच गिऱ्हाइकाने हजाराचा आरसा काउंटरवर ठेवला आणि तीनशे मोजून दिले.

"चारशे झाले," ती म्हणाली.

"तीनशे," गिऱ्हाईक म्हणालं. "सत्तर टक्के गेले की तीनशेच राहतात."

"सत्तर कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या काचेने."

ती वळली. मागच्या भिंतीवरच्या मोठ्या आरशात अख्खा रस्ता दिसायचा, दुकानाची दर्शनी काचही दिसायची, आणि काचेवरची उलटी अक्षरं त्या आरशात सुलटी होऊन उभी होती. भव्य सूट. सत्तर टक्के. त्याच आरशात तिला तोही दिसला, स्कूटरला शिडी बांधून निघायच्या बेतात असलेला. ती तशीच बाहेर धावली.

"अहो पेंटर, हे काय लिहिलंत?"

तो दोन पावलं मागे सरकला आणि मान तिरकी करून त्याने आपलं काम बघितलं. "का? 'भ' जरा फुगीर झालाय का?"

"भ राहू दे. सत्तर कुठून आणलेत?"

"पन्नास आणि वीस."

"पन्नास आणि वीस सत्तर होत नाहीत."

त्याने तिला एकदा निरखून बघितलं. आपण कुणाशी बोलतोय याचा अंदाज घेत असावा. "कधीपासून?" त्याने विचारलं.

तिला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. "हजाराचा आरसा घ्या. पन्नास टक्के गेले, राहिले पाचशे. आता वीस टक्के काढायचे ते या पाचशेचे. म्हणजे शंभर. राहिले चारशे. एकूण सूट सहाशे, साठ टक्के. तुम्ही वीसही मूळ हजाराचेच काढलेत. दर हजारामागे आमचे शंभर जादा जातायत."

त्याचा चेहरा पडला. चूक कळली की माणूस आधी सबब शोधतो. यानेही शोधली, पण शोधताना ओशाळला. "मी विचारलं होतं हो. सत्तर लिहू का म्हणून. तुम्ही मान हलवलीत."

"ऐकू आलं नव्हतं मला."

"मग मान का हलवलीत?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण भर रस्त्यात देण्यासारखं नव्हतं. "आत चला," ती म्हणाली, आणि कान गरम झाले होते म्हणून त्याच्या पुढे पुढे चालत राहिली.

आत मामी डबा घेऊन आली होती. सगळं ऐकून तिने डबा खाली ठेवला. "त्यात काय एवढं? लेबलांवरच्या किमती आधी वाढवून ठेवायच्या आणि मग सत्तर काढायचे. सगळेच करतात."

तिने मनात करून बघितलं. हजाराच्या लेबलावर तेराशे तेहतीस लिहायचे आणि त्यातून सत्तर टक्के काढायचे, की येतात चारशे. हिशेबात खोट नव्हती. "बसतंय गं, मामी," ती म्हणाली, "पण मी लिहिणार नाही. आधी चढवायचं आणि मग उतरवल्याचं कौतुक करून घ्यायचं, हे मला नाही जमत."

मामांनी चष्मा पुसला. मामा चष्मा पुसू लागले की निकाल जवळ आला असं घरात समजत. "जे वाचून आत आलेत त्यांना सत्तरनेच द्या. त्यांचा काय दोष? मग काच पुसा आणि साठ लिहा. या दुकानात काचेवर असेल तेच गल्ल्यावर."

"वरचं नुकसान माझ्या मजुरीतून कापा," पेंटर म्हणाला.

"तुझी मजुरी कधीच संपली, बाबा. ती रांग बघ."

"मग कामाने फेडतो. प्रत्येक आरशावर सेलची किंमत घालायची असेल ना? माझं अक्षर चांगलं आहे. हिशेब तेवढा यांनी सांगावा."

अक्षर चांगलं होतं हे खरं. भव्य होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारचा यायला लागला. ती लेबल वाचायची, किंमत सांगायची, आणि तो आरशाच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने, पाण्याने पुसून जाईल अशा, आकडा काढायचा. ती त्याच्या मागे उभी. त्यामुळे आकडा सांगताना समोर आरसा, आणि आरशात तो. बघायचं नाही म्हटलं तरी बघायचं कुठे? दुकानात जिकडे बघावं तिकडे तोच. त्याच्या कानाच्या पाळीवर निळ्या रंगाचा एक ठिपका होता, तो सुटत कसा नाही याचा ती विचार करायची आणि आकडा सांगायला उशीर व्हायचा.

"मला शिकवा तरी," तो एकदा म्हणाला. "नुसतं सांगितलेलं लिहिण्यात माझा काय फायदा?"

"साठ गेले म्हणजे राहिले चाळीस. आधी दहा टक्के काढायचे. शेवटचं शून्य झाकायचं, झाले दहा टक्के. मग त्याची चौपट करायची. अडीच हजार, सांगा."

"शून्य झाकलं... अडीचशे. चौपट... हजार."

"शाबास."

"शाळेत तुम्ही असतात शिकवायला, तर गणितात नापास झालो नसतो. लक्ष लागलं असतं."

"कशाकडे, त्यावर आहे ते," ती म्हणून गेली, आणि म्हटल्यावर जीभ चावली. आरशातला तो खाली बघून हसत होता.

"रस्त्यावर सगळे तुम्हाला टक्केताई म्हणतात," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"तुम्हीही म्हणा."

ब्रश हवेतच थांबला. "टक्के म्हणेन," तो म्हणाला. "ताई नाही म्हणणार."

आधीच लख्ख असलेला एक आरसा तिने पुन्हा पुसायला घेतला.

तो फक्त आकडे लिहीत होता असं नाही. ऐकतही होता. आरसा विकला गेला की ती बांधून देताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "यात बघणार कोण?" मग सांगायची, "त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आरशाचा मध्य येऊ द्या. नाहीतर भिंत छान दिसते आणि माणूस दिसत नाही." आजीसाठी नेणाऱ्याला ती खिळा खाली मारायला सांगायची, नवऱ्यासाठी नेणारीला वर. हे ती गेली कित्येक वर्षं सांगत होती. ते इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मात्र पहिलाच.

गल्ल्याशेजारी एक लंबगोल आरसा होता. शिसवी चौकट, खालच्या कोपऱ्यात काचेवर नखाएवढा ओरखडा. तो इतर आरशांपेक्षा बराच खाली टांगलेला.

"हा एवढा खाली का?" त्याने विचारलं.

"वर विजेचा मीटर आहे."

"आणि खरं कारण?"

ती जरा घुटमळली. "यात मी अख्खी दिसते. घरचा आरसा मामांच्या उंचीला लावलाय. त्यात मला माझा भांग दिसतो, फार तर भुवया. टाचा उंचावल्या तर नाक."

ती बुटकी होती, आणि हे सांगितल्यावर माणसं हसतात याची तिला सवय होती. तो हसला नाही. त्याने एकदा आरशाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि गुमान पुढचा आकडा काढायला घेतला. त्या आरशावर किंमत घालायची राहिली. तिने सांगितली नाही, त्याने विचारली नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मामीने विषय काढला. विषय जुनाच होता. दुसऱ्या गावचं एक स्थळ, माणूस मोठ्या कचेरीत, घर स्वतःचं. तिने त्याला एकदा पाहिलं होतं. चहाच्या टेबलावर त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, "उंच टाचेच्या चपला घालता का?"

"ते तयार आहेत गं," मामी म्हणाली. "उंची कमी आहे, वयही एकतीस, पण चालवून घेऊ म्हणाले. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"चालवून घेऊ?"

"शब्द नको पकडूस. माणसं बोलतात तशी. आम्ही गेल्यावर तू इथे एकटी राहणार. मला तिकडे घास उतरेल का, सांग."

मामीचे डोळे भरून आले होते. हीच मोठी अडचण होती. मामी दुष्ट असती तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं. पण ताप आल्यावर याच बाईने रात्र रात्र उशाशी बसून काढली होती. तिने भांडी आवरली आणि ती झोपायला गेली, पण झोप काही आली नाही. या सेलमधून आपणही त्या आरशांबरोबर निघून जातोय की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, बारीक, हलका, ज्याने रस्ता ओला होतो आणि गिऱ्हाईक घरी राहतं. दुकानात ती दोघंच होती. मामा आतल्या खोलीत आडवे झाले होते. काचेवरून थेंब वाकडेतिकडे उतरत होते आणि आरशाआरशांतून तेच थेंब उतरताना दिसत होते.

"आज आकडा चुकवलात तुम्ही," तो म्हणाला. "सोळाशेचे सातशे सांगितलेत. सहाशे चाळीस होतात."

तिने बघितलं. खरंच चुकला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय झालंय?"

"एक हिशेब सांगा," ती म्हणाली. "शंभराच्या वस्तूची किंमत पन्नास टक्के कमी केली. राहिले पन्नास. आता परत शंभर करायचे, तर किती टक्के वाढवाल?"

"पन्नास."

"पन्नासाचे पन्नास टक्के पंचवीस. पंचाहत्तरच झाले."

तो विचारात पडला. "मग... शंभर टक्के?"

"हो. निम्म्यावर आणलेल्याला पुन्हा पूर्ण व्हायला दुप्पट व्हावं लागतं. कमी करायला काय, कुणीही करतं, एका वाक्यात होतं. चढताना जीव जातो."

त्याने ब्रश पाण्यात ठेवला. "तुम्हाला कोण कमी करतंय?"

तिने सांगितलं. स्थळ, रविवार, मामीचे डोळे, टाचेच्या चपला. आणि ते 'चालवून घेऊ'. सांगताना हसत सांगायचा तिचा बेत होता, तो काही जमला नाही.

"मग तुम्ही काय कळवणार?" त्याने विचारलं.

"मामीला माझा घोर लागलाय. इतकं केलंय तिने माझं..."

"ते नाही विचारलं मी."

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. त्याने तोंड उघडलंही होतं. पण मग त्याने फडका पिळला, ब्रश कागदात गुंडाळला आणि "लेबलं संपली आता" एवढंच म्हणून तो पावसात निघून गेला. छत्री नव्हती, तरी थांबला नाही.

शनिवारी तो आला नाही. येण्याचं कारणच नव्हतं, लेबलं संपली होती. तरी स्कूटरचा आवाज आला की तिची नजर मोठ्या आरशात जायची. दुसराच कुणीतरी जाताना दिसायचा. माणूस इतका भित्रा निघावा याचा तिला राग आला. आणि आपण इतके दिवस नुसते आकडेच का सांगत बसलो, याचा त्याहून जास्त.

रविवारी दुकान ओकंबोकं झालं होतं. भिंतीवर खिळे आणि त्यांच्याखाली आरशांच्या आकाराचे उजळ डाग. एवढे दिवस दहा दहा दिसणारी माणसं आता एकेकटी दिसत होती. मामी फोन मांडीवर ठेवून स्टुलावर बसली होती. सहा वाजून गेले होते.

"सांगतेस ना?" मामीने हळूच विचारलं.

"सांगते," ती म्हणाली. नाही म्हणायचं हे तिचं सकाळीच ठरलं होतं. पण तो शब्द मामीकडे बघून तोंडातून निघत नव्हता.

तेवढ्यात स्कूटर थांबली. तो आत आला तो रंगाने माखलेलाच. सदऱ्यावर हिरवा, हातावर लाल, आणि कानाला तो निळा ठिपका होताच. "दोन दिवस अख्खी इमारत रंगवत होतो," तो मामांना म्हणाला, जणू मामांनी हजेरी विचारली होती. मग तिच्याकडे वळला. "मला तो आरसा हवाय."

दुकानात तेवढाच उरला होता. आज सकाळपासून तो खिळ्यावरच पाठमोरा करून ठेवलेला होता, कुणी मागू नये म्हणून.

"त्याला ओरखडा आहे," ती म्हणाली.

"माहितीये."

तिने त्याच्याकडे न बघता हिशेब सांगितला. "तीन हजारांचा आहे. साठ टक्के गेले, बाराशे. ओरखड्याचे आणखी दहा टक्के गेले, एक हजार ऐंशी."

"हे दहा टक्के बाराशेचे काढलेत, तीन हजारांचे नाही. बरोबर?"

"बरोबर." एवढ्या सगळ्यातही तिला बरं वाटलं.

"पण मला तो तीन हजारांनाच हवाय."

मामीने मान वर केली. मामांचा चष्मा नाकावर आला.

"असं नाही करता येत," ती म्हणाली. "काचेवर साठ टक्के लिहिलंय."

"मला सूट नकोय."

"तुम्हाला नको असेल, दुकानाला द्यावी लागते. साठ टक्क्यांचे अठराशे जास्त घेतले तर ती फसवणूक झाली. विचारा मामांना."

मामा तिच्याच बाजूचे. "सूट नको म्हणणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले. "पण ती म्हणते ते खरं आहे, बाबा. काचेवर आहे तोवर साठच."

"काचेवर आहे तोवर," तो म्हणाला. दाराशी पुसण्याची बादली होती. ती त्याने उचलली, फडका घेतला, आणि तो बाहेर गेला.

ती आतून बघत राहिली. आधी साठ गेले. मग टक्क्याची खूण गेली. मग 'सूट', आणि शेवटी तो फुगीर 'भ'. पांढऱ्या पाण्याचे ओघळ खाली आले, ते त्याने नीट टिपून घेतले. काच स्वच्छ झाली आणि पलीकडे तो उभा, पहिल्या दिवशी होता त्याच जागी. त्याने काहीतरी विचारलं. शब्द आत आला नाही. या वेळी तिने मान हलवली नाही. हाताने खूण केली, आत येऊन विचारा.

मामीच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. "अगं, त्यांचाच आहे. काय सांगू?"

"सेल संपला म्हणून सांग," ती म्हणाली.

शब्द निघाला होता, आणि निघताना अजिबात जड गेला नाही. मामीने तिच्याकडे बघितलं, कोऱ्या काचेकडे बघितलं, दारातून बादली घेऊन आत येणाऱ्या माणसाकडे बघितलं. मामी काही दुधखुळी नव्हती. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला. "नाही जमायचं... हो, पक्कं... अहो, तुम्ही चालवून घेताय हे तुमचं मोठेपण, पण चालवून घ्यावं लागेल असं आमच्या मुलीत काही नाही." शेवटचं वाक्य बोलताना मामीचा आवाज चढला होता. तिला बहुधा ते केव्हापासून म्हणायचं होतं.

"काय विचारत होतात मघाशी?" तिने पेंटरला विचारलं.

"आता कितीला आहे, असं."

"तीन हजार."

त्याने पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. वरच्या नोटेवर लाल रंगाचं बोट उमटलं होतं. इमारत कशासाठी रंगवली ते आता तिला कळलं.

"हे वेड्यासारखं आहे," ती हळूच म्हणाली. "ओरखडा असलेल्या आरशाला कुणी पूर्ण किंमत देतं का?"

"मी नीट बघितलाय तो," तो म्हणाला. "रोज बघत होतो. यात कमी करण्यासारखं मला काही दिसलं नाही." तो गल्ल्याच्या जवळ सरकला. "त्या दिवशी पावसात बोलायला हवं होतं. हातात काही नव्हतं म्हणून पळालो. आता तरी सांगा... तुम्ही मान का हलवलीत?"

"तुम्ही हसत होतात म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काही कारण नव्हतं."

मामांना एकाएकी आठवलं की किल्ल्या आतल्या खोलीत राहिल्यात. किल्ल्या त्यांच्या हातात होत्या, तरी ते त्या आणायला गेले.

तिने आरसा खिळ्यावरून उतरवला. जुना कागद पसरला, कोपऱ्यांना पुठ्ठा लावला, सुतळी ओढून घेतली. हात सवयीने काम करत होते आणि तोंडही सवयीनेच बोललं.

"यात बघणार कोण? त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला मध्य येऊ द्या."

त्याने रंगाने माखलेला हात पुढे केला आणि तळवा आडवा करून हवेत धरला, तिच्या समोर, तिच्या भुवयांच्या जरा वर. डोळे तिच्यावर होते.

तिने त्या हाताकडे बघितलं. काचेवरच्या अक्षरांसारखाच होता तो, ऐसपैस, दिलदार, जरा जास्तच धरलेला. आपण एवढ्या उंच नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुतळी तशीच सोडून तिने त्याचं मनगट धरलं.

"दोन बोटं खाली घे," ती म्हणाली.